हाताने पाहिलेलं विजापूर

विजापुरात गाईडचं काम म्हणजे दिवसभर बोट दाखवणं. ‘वर बघा, ती कमान बघा, या कोपऱ्यातून फोटो घ्या.’ आमची निम्मी वाक्यं ‘बघा’वर संपतात. त्यामुळे सोलापूरहून एका काकांचा फोन आला तेव्हा मी क्षणभर गप्प झालो. ते म्हणाले, “पूर्ण दिवस हवा, आम्ही दोघंच आहोत, घाई अजिबात नको. आणि मला दिसत नाही. जन्मापासून.” बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. ठरलेल्या पैशांपेक्षा जास्त द्यायची तयारीही त्यांनी दाखवली. मी नको म्हणालो, पण सकाळी सहाला या अशी अट घातली.

सहाचं कारण सांगतो. गोलघुमट, म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर असलेली इमारत, सूर्योदयाच्या सुमारास उघडते आणि ऊन चढलं की सहली येतात. एकदा सहल वर पोचली की घुमटाच्या आतल्या गोल सज्जात फक्त शिट्ट्या आणि आरोळ्या उरतात. कुजबुज ऐकण्यासाठी जगभर नाव झालेल्या जागी कुणी कुजबुजतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शिक्षक स्वतःच पहिली आरोळी ठोकतात.

दारात मी काकांचा हात धरायला गेलो तर म्हणाले, “तुम्ही नका धरू. मी तुमचं कोपर धरतो. तुम्ही वळलात की मला आपोआप कळतं.” कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि झिजलेल्या. तिथे दोघं शेजारी मावत नाहीत, म्हणून ते खांद्यावर हात ठेवून मागून आले. प्रत्येक मजल्याच्या खिडकीपाशी क्षणभर थांबायचे. गालाला वारा लागला की मजला संपला, हा त्यांचा हिशोब. सात मजले त्यांनी असे वाऱ्यावर मोजले.

वर सज्जात काकूंना समोरच्या बाजूला नेऊन भिंतीशी उभं केलं. मधलं अंतर जवळजवळ 38 मीटर. काकू भिंतीला तोंड लावून हळूच म्हणाल्या, “गोळी घेतली का?” काका लगेच म्हणाले, “घेतली.” पर्यटक इथे एकमेकांची नावं घेतात, देवाचा जयजयकार करतात. या दोघांनी रोजचंच बोलणं केलं आणि ते अगदी स्वच्छ पोचलं.

मग काकांनी जिभेने एक बारीक टक् आवाज केला आणि आम्हा दोघांना बोलू दिलं नाही. पुन्हा केला. तोंड फिरवून पुन्हा. आम्ही गाईड ‘सात वेळा प्रतिध्वनी येतो’ म्हणतो, कुणी दहा वेळा म्हणतो. काका म्हणाले, “आकडा आवाजावर आहे. छोटा, टोकदार आवाज टाकला तर वेगवेगळे मोजता येतात. लांबलचक हाक मारली की एकावर एक चढतात आणि काला होतो. पहिला समोरून येतो, पुढचे वरून, शेवटचे सगळीकडून.” तेव्हापासून मी पर्यटकांना हाक मारू देत नाही, चुटकी वाजवायला सांगतो. आवाज गोल भिंतीला चिकटून पळतो, म्हणून भिंतीशी बोललेलं भिंतीशीच ऐकू येतं. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधल्या अशाच सज्जावरून लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने हे समजावून दिलं होतं. काकांना ते पटलं. पण त्यांचा पुढचा प्रश्न अवघड होता: “चौकोनी खोलीवर गोल घुमट बसतो कसा?”

हा प्रश्न मला फार प्रिय आहे आणि तो क्वचित कुणी विचारतं. खालचं दालन चौरस, वर बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट, आणि मध्ये एकही खांब नाही. डोळस माणसाला मी मान वर करायला सांगतो आणि एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दाखवतो. इथे मान वर करून उपयोग नव्हता. आम्ही खाली आलो. बाहेरच्या ओट्यावर बसलो आणि मी माझा व काकूंचा असे दोन रुमाल चौकोनी घडी करून घेतले. एक सरळ ठेवला, दुसरा त्यावर तिरका, कोपरे पहिल्याच्या बाजूंच्या मधोमध येतील असा. काकांनी बोटांनी कडा चाचपल्या. आठ टोकं लागली. मग दोन्ही रुमाल जिथे एकावर एक येतात, त्या मधल्या जाड भागाची कड बोटाने फिरून पाहिली. “हा अष्टकोन. याच्यावर गोल बसवायला फार ओढाताण नाही.” मी म्हणालो, बरोबर, आणि कमानींचं हे बांधकाम आत झुकलेलं आहे, त्यामुळे बाहेर रेटणाऱ्या घुमटाला ते आतल्या बाजूने तोलून धरतं. 1656 साली मुहम्मद आदिलशहा गेला तेव्हा ही इमारत उभी होती. शहाजीराजांनी ज्याच्या दरबारात चाकरी केली तोच हा. रुमालाची ती घडी काकांनी परत उलगडली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा मांडली. इतकं नीट हे मी कधीच कुणाला समजावलं नव्हतं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

दहाला संग्रहालय उघडलं. ते घुमटासमोरच्या नगारखान्यात आहे. 1892 पासूनचं जुनं संग्रहालय. हात लावायचा नाही हा नियम तिथे आहे तसा सगळीकडेच असतो आणि तो योग्यच आहे. हजारो बोटांच्या घामाने आणि तेलाने दगडसुद्धा काळवंडतो. तिथल्या माणसाने अतिशय नम्रपणे तेच सांगितलं. काका लगेच हात मागे बांधून उभे राहिले. मलाच ते बघवेना.

शिलालेखांपाशी मी त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढली. जुन्या कानडी लेखात अक्षर दगडात खोल कोरलेलं असतं. आदिलशाही काळातल्या फारसी-अरबी लेखात उलट, अक्षराभोवतीचा दगड खरवडून काढतात आणि अक्षर वर उठून राहतं. “म्हणजे फारसी लेख मला वाचता आला असता,” काका म्हणाले, “लिपी येत असती तर.” बिदरीच्या भांड्यांपाशी मी सांगितलं की यात चांदीची तार अशी ठोकून बसवतात की पृष्ठभागाला सपाट होते, काळ्यावर पांढरी नक्षी फक्त दिसते. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली.

मग वीरगळ आला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड. मी नेहमीच्या सुरात सुरुवात केली: खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत... काकांनी थांबवलं. “थांबा, मी सांगतो. सगळ्यात वर शिवलिंग. एका बाजूला पुजारी, दुसऱ्या बाजूला हात जोडून बसलेला तोच वीर. लिंगाच्या वर चंद्र-सूर्य. चंद्राची कोर टोकाला धारदार लागते.” त्यांच्या गावात मारुतीच्या देवळामागे वीरगळ होता. लहानपणी पोरं खेळायला पळाली की ते तिथे बसून तो हाताने पाहायचे. मी समोरच्या दगडाशी ताडून बघत होतो. एकेक गोष्ट जुळत होती. मग ते म्हणाले, “लढणाऱ्याची ढाल बघा. मधोमध गाठ असणार, शर्टाच्या बटणाएवढी.” मी वाकलो. होती. त्या दगडासमोर उभं राहून मी इतकी वर्षं बोलत आलो आहे आणि ती गाठ माझ्या नजरेत कधी भरली नव्हती.

दुपारी टांग्याने मलिक-ए-मैदान तोफेवर गेलो. तिथे हात लावायची मोकळीक, सगळे लावतातच. 1549 साली अहमदनगरच्या निजामशाहीत ओतलेली ही तोफ, सुमारे साडेचार मीटर लांब, वजन 55 टनांच्या घरात. 1854 मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली तर बोली आली 150 रुपयांची, आणि विक्री रद्द झाली. हे मी सांगत होतो, पण काका ऐकत नव्हते. त्यांचे दोन्ही हात तोंडापाशी होते. तोंडाला सिंहाच्या जबड्याचा आकार आहे. दात लागले, मग दातांच्या मध्ये बोट अडलं. “इथे कुणीतरी आहे. सोंड आहे! हत्ती सापडलाय याच्या तोंडात.” मग बोटांच्या पेरांनी तोफ वाजवून पाहिली, कान टेकवला, आणि मागच्या टोकापर्यंत चालत गेले. लेखांच्या अक्षरांपाशी थांबले. एक लेख तोफ ओतणाऱ्याचा, एक औरंगजेबाने 1686 ला विजापूर घेतल्यावर कोरवलेला.

त्या दिवशी त्यांनी ‘साठ कबरीं’चं, म्हणजे अफझलखानाच्या बायकांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कबरींचं, नावही काढलं नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्या बहुतेक गाड्या गोलघुमट चाळीस मिनिटांत उरकून थेट तिकडे धावतात आणि आमच्यातले काहीजण त्यांना हवी तशी गोष्ट मीठमसाला लावून सांगतात. बायकांना विहिरीत ढकलल्याची दंतकथा इतिहास म्हणून खपवणं मला पटत नाही, आणि हे मी आमच्या लोकांना तोंडावर सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आभार मानले आणि म्हणाले, “एक विचारायचं राहिलं. संग्रहालयातल्या गालिच्याचे रंग तुम्ही फार छान सांगितले. पण तो जाड आहे की पातळ? पायाखाली मऊ लागला असता की खरखरीत?” मला उत्तर देता आलं नाही. तो काचेआड आहे. त्याला मीही कधी हात लावलेला नाही. चिनी मातीच्या थाळ्या, तलवारी, पोथ्या, या सगळ्यांबद्दल मी जे सांगतो ते फक्त डोळ्यांनी मिळवलेलं आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्पर्शासाठी प्रतिकृतींचं ‘अनुभव’ नावाचं दालन आहे. एक वीरगळ, एक उठावदार अक्षरांचा शिलालेख आणि घुमटाची पोकळ लाकडी प्रतिकृती, एवढं जरी विजापुरात झालं तरी पुष्कळ. आमच्यातल्या एकाने विचारलं, असे पर्यटक येतात किती? मी त्याला म्हटलं, आपण बोलावले किती?

मार्गशीर्षात काका पुन्हा येणार आहेत, त्यांच्या अंधशाळेतल्या दोन मित्रांना घेऊन. या वेळी त्यांना इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर, हवा आहे. तिथल्या खिडक्यांच्या दगडी जाळ्या अरबी अक्षरांच्याच बनवलेल्या आहेत, अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो. त्या उंचीवर हात पोचणार नाही. म्हणून सध्या रात्री जेवण झालं की मी जाड पुठ्ठ्यावर एका जाळीची अक्षरं काढून ब्लेडने कापतो आहे. पहिला पुठ्ठा ओळीच्या मधेच फाटला. आता प्लायवूड आणलंय, आणि ओळखीचा सुतार बारीक करवत द्यायला तयार झाला आहे.