डुकरावर सोडायला कुत्रा मागणाऱ्या आमच्या वाडीतल्या पोरांसाठी

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले काही महिने एकच विषय चालू आहे, रानडुक्कर. गाव संगमेश्वर तालुक्यात, मी राहते भांडुपला, ग्रुपमधले निम्मे लोक असेच मुंबईत नाहीतर विरार-दिव्याला, त्यामुळे रात्री कोणाच्या भातात डुक्कर शिरलं की सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या आम्ही फोटो बघतो. दाणा भरलेलं भात आडवं झालेलं, रताळ्याचा वाफा नांगर फिरवल्यासारखा उकरलेला, परवा तर नवीन लावलेली माडाची रोपं मुळासकट बाहेर. राग येतोच, मलाही येतो, वर्षभराचे कष्ट असतात ते.

मग पोरांनी व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. अमेरिकेतले, टेक्सासचे. रात्री गाडीतून कुत्रे सोडतात, थोड्या वेळाने लांबून भुंकणं ऐकू येतं, माणसं बॅटऱ्या घेऊन धावतात आणि एक जाडजूड कुत्रा डुकराचा कान धरून लटकलेला. झालं, लगेच वर्गणीची भाषा सुरू, डोगो अर्जेंटिनो आणूया, पिटबुल आणूया, आणि मी इथे जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून कामाला आहे म्हणून मला मेसेज, "आत्या तुझ्या ओळखीत कोण ब्रीडर हाय काय?" ग्रुपवर एवढं टाईप करता येत नाही म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितेय. पोरांनो, पूर्ण वाचा.

त्या व्हिडिओत जे दिसतं त्याच्या मागे काय असतं ते आधी समजून घ्या. त्यांच्याकडे दोन प्रकारचे कुत्रे असतात आणि दोघांची कामं वेगळी. एक शोधणारा, वासावर डुक्कर काढतो आणि समोर थोडं अंतर ठेवून भुंकत त्याला जागेवर अडवून धरतो, याच्यासाठी ते कॅटाहुला, 'कर', प्लॉट हाऊंड असल्या जाती वापरतात. दुसरा धरणारा, अमेरिकन बुलडॉग, पिटबुल, डोगो. तो शेवटी सोडतात, माणूस जवळ पोचल्यावर, आणि त्याच्या अंगावर छातीपासून पोटापर्यंत जाड जॅकेट असतं, गळ्याला रुंद पट्टा असतो, शोधणाऱ्यांच्या गळ्यात जीपीएसची कॉलर असते. गाडीत टाके घालायचं सामान, सलाईन, बँडेज. एवढं सगळं करूनही तिथे कुत्रे फाटतात, मरतात. आणि डोगो ही जात तर अर्जेंटिनात मुद्दाम मोठ्या शिकारीसाठीच तयार केलेली, १९२० च्या दशकात, लढाऊ कुत्र्यांच्या रक्तातून. तो आणून तुम्ही वाडीत बांधणार कुठे, जिथे घरोघरी शेळ्या, कोंबड्या आणि अंगणात पोरं?

दुसरं म्हणजे त्यांचं डुक्कर आणि आपलं डुक्कर एक नाही. अमेरिकेत रानडुक्कर मुळात नव्हतंच. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात जहाजातून पाळीव डुकरं नेली, ती सुटली, रानात वाढली, पुढे शिकारीच्या शौकिनांनी युरोपातले रानटी आणून सोडले. आता पस्तीसेक राज्यांत मिळून साठ लाखांच्या आसपास डुकरं आहेत, म्हणून तिथलं सरकारच म्हणतं मारा. आपलं रानडुक्कर इथलंच आहे, वाघ-बिबट्याचं खाणं आहे, आणि कायद्याचं संरक्षण असलेलं जनावर आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, आता ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं असं नाहीये हां. पाठलाग करणं, फासा लावणं, हाकून नेणं, आमिष टाकणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकारच. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते पण ती लेखी असते, अटींची असते, आणि कुत्रे सोडून डुक्कर फाडायची परवानगी असा प्रकार त्यात नाही. म्हणजे तुमचा व्हिडिओ स्टेटसला लागला की केस तुमच्यावर.

कोणी म्हणेल आपल्याकडे पूर्वी व्हायचंच की. व्हायचं. आमच्या अण्णाकाकांच्या तरुणपणी शिमग्याच्या दिवसांत रान उठवायचे, ढोल, डबे, हाकारे, आणि सोबत गावातले कुत्रे. या वेळी गणपतीत मी त्यांच्याजवळ बसून हे सगळं नीट विचारलं. त्यांना मी म्हटलं की काका तेव्हा कुठला कुत्रा चांगला मानायचे, तर म्हणाले, "धरणारा नाय गो. धरणारा मरायचा. लांब ऱ्हाऊन भुकणारा, डुक्कर फिरला की मागं होणारा, परत पुढं येणारा, तो खरा." टेक्सासवाले ज्याला पैसे देऊन शिकवतात तो कुत्रा आपल्या पडवीत फुकट झोपलेला असतो, काळूसारखा, गावठी. काटक, पावसात टिकणारा, जिवाला जपणारा.

आणि हे आजचं नाही. कर्नाटकात मंड्याजवळ आतकूर म्हणून गाव आहे, तिथे साल ९४९-५० चा एक वीरगळ सापडला, आता बंगळुरूच्या सरकारी म्युझियममध्ये आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण, ज्याचं राज्य आपल्या महाराष्ट्रावरही होतं, त्याच्या काळातला. मनलेर नावाच्या वीराने युद्धात पराक्रम केला तेव्हा त्याचा राजा म्हणाला काय हवं ते माग, तर त्याने काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. तो कुत्रा रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले, आणि त्या कुत्र्यासाठी देवळापुढे दगड उभा केला, दगडाला जमीन लावून दिली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भरून आलं होतं. राजाने दिलेला, जातिवंत, तयार केलेला कुत्रा, आणि तोसुद्धा डुकराला भिडला तर वाचला नाही. हजार वर्षांत डुकराचे सुळे बोथट झालेले नाहीत.

सुळ्यांचंच सांगते, कारण दवाखान्यात राहून हे जवळून कळलंय. नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून घासून कायम धारदार राहतात. डुक्कर मान खाली घालून येतं आणि खालून वर झटका मारतं, म्हणून कुत्र्याला लागतं ते जांघेत, पोटाला, छातीला, मानेला. वरून भोक बोटाएवढं दिसतं आणि आत कातडी मांसापासून सुटून पिशवी झालेली असते, त्यात माती, केस, पालापाचोळा. लोक वरचं भोक बघतात, हळद भरतात, सोडून देतात. चार दिवसांनी वास यायला लागतो, मग फोन.

या गणपतीत आमच्या बाळ्या कुत्र्याला डुकराचं लागलं तेव्हा मी गावातच होते. मागच्या मांडीला आतून. पहिलं काम केलं ते ओढणीने त्याचं तोंड बांधलं, कारण दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो (फक्त कुत्रा ओकत असेल किंवा त्याला श्वास लागत असेल तर तोंड बांधायचं नाही). मग स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर दाबून धरली, सतत, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, बघितलं की गोठलेलं रक्त सुटतं. रक्त थांबल्यावर सलाईनच्या बाटलीने जखम धुतली, हळद, राख, चुना, डिझेल काही लावू दिलं नाही, आणि रिक्षाने तालुक्याला. डॉक्टरांनी आतली पिशवी साफ केली, टाके घातले पण खाली थोडं उघडं ठेवून नळी सोडली, घाण पाणी बाहेर यायला. घरच्यांना वाटलं टाके अर्धवट घातले. तसं नाही, अशी जखम पूर्ण शिवली तर आत पू साठतो. चाटू नये म्हणून गळ्यात घालायचं भोंगं लागतं ते नव्हतं, तर प्लास्टिकच्या छोट्या बादलीचा तळ कापून, कडेला जुनं कापड शिवून ते गळ्यात अडकवलं. पाऊस, माश्या, त्यामुळे किडे पडायची भीती सगळ्यात जास्त, म्हणून जखमेच्या कडेने टॉपिक्युअरचा स्प्रे मारायचं काम काकूने घेतलं, आणि बाळ्या पडवीत कोरड्या पोत्यावर. आता धावतोय.

पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलायचं नाही. ओलं स्वच्छ कापड त्यावर, बाहेरून गुंडाळून घ्यायचं आणि पळायचं. छातीच्या जखमेतून हवेचा आवाज येत असेल तर स्वच्छ प्लास्टिकने जखम झाकून पळायचं. आणि आपल्या गोळ्या द्यायच्या नाहीत कृपा करून, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम काहीही नाही, कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ते विष आहे.

पण मला खरं बोलायचंय ते जखम व्हायच्या आधीचं. वाडीतल्या कुत्र्यांना आपण राखणीला वापरतो आणि त्यांच्यावर काय खर्च करतो? उरलेला भात. मी गणपतीत सगळ्यांचे हिरडे बघितले, निम्म्यांचे पांढरट. गोचीड. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली मुठीने गोचीड, आणि त्यातून येणारा ताप कुत्र्याला आतून खातो, रक्त कमी होतं, काहींच्या नाकातून रक्त येतं, लघवी लाल होते. असला कुत्रा रात्री बांधावर काय उभा राहणार, तो डुकराच्या झटक्यातून वेळेत बाजूलाच होऊ शकत नाही. गोचीड, जंत आणि जेवण एवढं सांभाळलं तरी वाडीचे कुत्रे दुप्पट कामाचे होतील. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी, वजनावर. भातात अंडं, सुकट द्यायची तर मीठ धुवून, कोंबडीची शिजवलेली हाडं नकोत, घशात आतड्यात टोचतात.

लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) मुंबईकरांना सांगायला नको, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर इथे काय झालं ते आपण बघितलंय. तोच रोग भाताच्या खाचरातल्या पाण्यातून कुत्र्याला होतो, उंदीर पसरवतात, डुकरंही पसरवतात, आणि कुत्र्याकडून माणसाला येऊ शकतो. त्याची लस एकत्रित इंजेक्शनमध्ये असते, पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांच्या लशीसोबत. रेबीजची वेगळी, पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, मग बूस्टर आणि पुढे दरवर्षी. डुक्कर पिसाळू शकतं, म्हणून डुकराने चावलेल्या कुत्र्याला लस झालेली असली तरी परत डॉक्टरकडे न्यायचंच. आणि माणसाला चावलं तर साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, मग त्याच दिवशी इंजेक्शन. लिंबू-मिरची लावणारे अजून आहेत आपल्याकडे, त्यांना हे वाचून दाखवा.

बरेच जण मला सांगतात मुंबईवरून लस घेऊन ये, तुतारी एक्सप्रेसने येतेसच. नाही आणणार. लस २ ते ८ डिग्रीत राहावी लागते, रात्रभराच्या प्रवासात बर्फ वितळला की ती पाण्यासारखी, आणि आपण मात्र लस झाली म्हणून निवांत. ती तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच, डॉक्टरांच्या हातून.

बिबट्याचं एक राहिलं. इथे भांडुपला नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना माहीत आहे, बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यत: कुत्र्यासाठी. गावात शेताच्या माचाखाली साखळीने कुत्रा बांधून माणूस घरी झोपायला येतो, म्हणजे त्याला पळायची पण सोय ठेवली नाही. बांधायचा असेल तर माणूस सोबत हवा, नाहीतर मोकळा, आणि दोन कुत्रे एकत्र. माणसाच्या मागे राहून भुंकायचं, बांध सोडून रानात घुसायचं नाही, बोलावलं की परत यायचं, हे पिल्लू असल्यापासून शिकवता येतं, अण्णाकाका भाकरीच्या तुकड्यावर शिकवतात. पिल्लांसोबतची डुकरीण आणि एकटा फिरणारा नर डुक्कर, या दोघांच्या वाटेला कुत्र्याने जाऊच नये. आणि फासक्या. मोटरसायकलच्या क्लचवायरच्या फासक्या कोण लावतं ते वाडीला माहीत असतं. त्यात डुकरापेक्षा आपलेच कुत्रे अडकतात, बिबटे अडकतात. गावठी बॉम्बचं तर बोलायलाच नको, एका वासराचा जबडा गेलेला मी बघितलाय.

तर माझं उत्तर हे, ब्रीडरचा नंबर मी देणार नाही. डोगोसाठी वर्गणी काढणार होतात ना, तीच काढा, मी माझा हिस्सा लगेच जीपे करते. त्यातून वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांची लस, गोचिडाचं औषध, जंताच्या गोळ्या, एक फर्स्ट एडचा डबा अण्णाकाकांच्या पडवीत, आणि जे उरेल ते सौर कुंपणाला. त्याला अनुदान मिळतं, वनखात्यात आणि कृषी ऑफिसात विचारा, आणि नुकसान झालं की फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी वनरक्षकाला कळवा, पंचनामा लगेच झाला तरच भरपाई. तोपर्यंत जुन्या साड्या, डबे, बॅटरी आणि काळू-बाळ्या आहेतच.

मे महिन्यात मी येतेय. पावसाच्या आधी लस टोचून व्हायला हवी, डॉक्टरांशी बोलून तारीख मी ग्रुपवर टाकते, त्या दिवशी प्रत्येकाने आपापला कुत्रा दोरी बांधून शाळेच्या पटांगणात आणायचा. जे कुत्रे कोणाच्याच घरचे नाहीत असे तीन-चार आहेत वरच्या आळीत, त्यांना पकडायला दोन पोरं लागतील, नावं द्या.