नागपूरहून वेलंकणी: सहा दिवसांची यात्रा, नवस आणि पापनिवेदन

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वेलंकणीला मरियामातेचे तीर्थस्थान आहे. नागपूरहून तिथे जाणारे कॅथलिक गट बहुधा एकाच ठिकाणी चुकतात. सगळी ताकद गाड्या बदलण्यात, खोली शोधण्यात आणि बाजारात जाते. ज्यासाठी निघालो ते पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) आणि मिस्सा (ख्रिस्तयागाची उपासना) शेवटच्या दोन तासांत उरकावी लागते. म्हणून खालची आखणी उलटीकडून केली आहे: मातेच्या पायाशी दोन पूर्ण दिवस आधी राखून ठेवायचे आणि उरलेला प्रवास त्याभोवती बसवायचा. जाऊन-येऊन सहा दिवस लागतात. पाच दिवसांतही जमते, पण मग लहान मुले आणि म्हातारी माणसे आजारी पडतात.

ख्रिस्ती माणसाला यात्रा सक्तीची नाही, हे आधी लक्षात घ्यावे. ख्रिस्तसभेच्या पाच आज्ञांत रविवारची मिस्सा आहे, वर्षातून एकदा पापनिवेदन आहे, उपवास आहे; यात्रा नाही. देव वेलंकणीत जास्त आणि आपल्या सदरच्या कॅथेड्रलमध्ये कमी, असे ख्रिस्तसभा कधीच शिकवत नाही. तरीही चौथ्या शतकात एगेरिया नावाची बाई पश्चिम युरोपातून यरुशलेमपर्यंत गेली आणि तिथल्या उपासना तिने बारकाईने लिहून ठेवल्या. इब्रीकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात श्रद्धावंतांना पृथ्वीवरचे ‘परके व प्रवासी’ म्हटले आहे. घरी बसून हे वाक्य नुसते वाचले जाते. घर, दुकान, नोकरी मागे टाकून निघाल्यावर, झोपमोड आणि घाम सोसताना, ते अंगाने कळते. यात्रेत शरीरही प्रार्थनेत सामील होते, तिचे महत्त्व मला तरी इथेच दिसते.

आता तारखा. वेलंकणीचा उत्सव २९ ऑगस्टला संध्याकाळी ध्वज चढवून सुरू होतो आणि ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, संपतो. ७ तारखेच्या संध्याकाळी रथाची मोठी मिरवणूक असते. त्या रात्री मुलांना कडेवर घेऊनसुद्धा गर्दीत उभे राहणे कठीण जाते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, विशेषतः सोबत वृद्ध असतील तर, ३० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर हे दिवस धरावेत. उत्सवही मिळतो आणि श्वासही घेता येतो. शांतपणे प्रार्थना करायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत चांगले. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस तेव्हा पडतो आणि चक्रीवादळेही त्याच काळात येतात.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडते. ध्वजारोहणाला पोचायचे तर नागपूर २७ ऑगस्टला सोडावे लागते, म्हणजे तिकिटाला जूनच्या शेवटच्या आठवड्यातच सकाळी बसा. नागपूर-चेन्नई आणि चेन्नई-नागपट्टिणम ही दोन वेगळी तिकिटे आहेत आणि दुसरे आधी संपते. गटाने नेहमी चेन्नईच्या पुढचे तिकीट मिळतेय का ते आधी बघावे, मग नागपूरचे काढावे. उलटे केले की चेन्नईला उतरून बसच्या मागे धावणे आले.

नागपूरहून तमिळनाडू एक्सप्रेस (१२६२२) आणि ग्रँड ट्रंक एक्सप्रेस (१२६१६) या दोन्ही सोयीच्या गाड्या आहेत. दोन्ही दिल्लीहून येतात, त्यामुळे उशीर धरूनच चाला. स्टेशनवर सगळ्या गटाने एकाच बाजूला जमायचे ठरवा. अर्धे मुख्य दाराशी आणि अर्धे संत्रा मार्केटच्या बाजूला थांबले, तर पावसाळ्याच्या गर्दीत फलाट गाठताना धांदल उडते. चेन्नईपर्यंत सुमारे १,०९० किलोमीटर होतात. वाटेत बल्लारशा, वरंगळ, विजयवाडा लागते. बल्लारशानंतर पोळी मिळेल या भरवशावर राहू नका. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि तिळाची कोरडी चटणी दोन दिवस टिकते. खोबऱ्याची ओली चटणी दुपारनंतर फलाटावरून घेऊ नका. यात्रेतली पोटे बहुधा तिथेच बिघडतात.

गाडीतला वेळ वाया घालवू नका. स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात. बहुतेक अगदी छोटी आहेत. जाताना आठ आणि येताना सात वाटून घ्या; प्रत्येक स्तोत्र वेगळ्या माणसाने वाचावे, लहान मुलांनीही. डब्यातल्या इतरांना त्रास होईल इतक्या मोठ्याने गाऊ नये, रात्री ९ नंतर तर मुळीच नाही.

आणि लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय गटप्रमुखाने निघण्याआधी वाचावा. बारा वर्षांचा येशू सणाहून परतताना मागे राहिला. तो सोबतच्या मंडळींत असेल असे समजून मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले, आणि तो सापडायला तीन दिवस लागले. ‘कोणाबरोबर तरी असेल’ हे धरून चालणे हीच गटातली सर्वांत घातक गोष्ट आहे. दहा-दहा माणसांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला एक जबाबदार माणूस द्या आणि गाडी बदलताना आवाज न देता, चेहरा बघून मोजा. मुलांच्या खिशात दोन मोबाइल क्रमांक आणि निवासाचे नाव लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. कागद घामाने भिजतो.

चेन्नई सेंट्रलला उतरल्यावर पुढची गाडी बहुधा एग्मोरहून असते, पण काही गाड्या तांबरमहून सुटतात. तिकिटावर स्टेशन नीट वाचा, दोन्हींत शहराचा मोठा पट्टा आहे. सेंट्रलहून एग्मोर हे मेट्रोचे पुढचेच स्थानक आहे. सामान क्लोकरूममध्ये टाकून मधला दिवस चेन्नईतल्याच सांतोमे कॅथेड्रलला द्या. तिथे प्रेषित थोमाची कबर आहे, वरची गॉथिक बांधणी १८९६ सालची. प्रेषिताच्या कबरीवर उभे राहिलेले चर्च जगात मोजक्याच ठिकाणी आहे. नागपूरहून दिवसभराच्या अंतरावर ते असताना लोक तो दिवस कपड्यांच्या बाजारात घालवतात, याचे फार वाईट वाटते. अंगात जोर असेल तर मेट्रोने सेंट थॉमस माउंटलाही जाता येते. गुडघे दुखणाऱ्यांनी ती चढण सोडून सांतोमेतच बसावे.

रात्री कारैकालची गाडी पकडली की पहाटे नागपट्टिणम येते. तिथून वेलंकणी सुमारे १२ किलोमीटर. बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. रेल्वे वेलंकणीपर्यंतही जाते, पण गाड्या कमी आहेत. पहाटे उतरल्यावर ‘चला, स्वस्त लॉज दाखवतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्यामागे न जाता आधी ठरवलेल्या खोलीवरच जा. श्राईनच्या (तीर्थस्थानाच्या) स्वतःच्या निवासखोल्या आहेत, पण उत्सवात त्या फार लवकर भरतात. आधार कार्ड मूळ प्रत घेऊनच जा, मोबाइलमधला फोटो सगळीकडे चालत नाही. खोलीवर पोचल्यावर अंघोळ आणि तीन तास झोप. लगेच रांगेत उभे राहिलेला माणूस दुपारी चक्कर येऊन पडतो. नागपूरच्या ४५ अंशांची सवय इथे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे घाम वाळतो, इथल्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. माणशी दिवसाला ३ लिटर पाणी आणि ओआरएसची किमान दोन पाकिटे धरा.

जागेचा क्रम असा ठेवा: आधी माता कुळम हे तळे, मग नडू तिट्टू (मधला उंचवटा), मग बॅसिलिका, म्हणजे मुख्य चर्च. परंपराही याच क्रमाने सांगते. तळ्याकाठी दूध घेऊन जाणाऱ्या मुलाला मातेने दर्शन दिले. नडू तिट्टूला ताक विकणारा पांगळा मुलगा चालू लागला. सतराव्या शतकात वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी ८ सप्टेंबरला इथे किनाऱ्याला लागले आणि त्यांनी कृतज्ञतेने चॅपल बांधले. बॅसिलिकेच्या वेदीवर चिनी मातीच्या छोट्या चित्रमय थाळ्या बसवलेल्या आहेत. त्या या खलाशांनी पुढच्या फेरीत आणून दिल्या, अशी आठवण आहे. मातेची मूर्ती साडी नेसलेली, हातात बाळ. गर्दी पुढे ढकलत असते, पण एका बाजूला सरकून त्या थाळ्या बघाच. नवस फेडायला आलेल्या माणसांची ती पहिली खूण आहे. चर्चला बॅसिलिकेचा दर्जा १९६२ साली पोप तेविसावे योहान यांनी दिला.

बॅसिलिकेपासून नडू तिट्टूकडे वाळूचा पट्टा आहे, त्यावरून लोक गुडघ्यांवर जातात. करायचेच असेल तर पहाटे ५ ते ६.३० मध्ये करा. दहानंतर वाळू तापते आणि कातडी सोलून निघते. गुडघ्यांना सुती कापडाच्या चार घड्या बांधा. नायलॉनचे पॅड घसरतात आणि घासून फोड आणतात. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये आणि गुडघ्यांवरही जाऊ नये. पायाला इजा झाली तर त्यांना कळत नाही आणि जखम नागपूरला आल्यावर चिघळते.

नवसाबद्दल थोडे सविस्तर, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. नवस म्हणजे विचारपूर्वक, स्वखुशीने देवाला दिलेले वचन. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे (कलम ११९३) तो ज्याने केला त्यालाच बांधतो. आईने मुलासाठी मुंडणाचा नवस बोलला आणि मूल आता वीस वर्षांचे झाले, तर त्याच्यावर सक्ती नाही. चालत येण्याचा नवस केला आणि गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तरीही घाबरण्याचे कारण नाही. योग्य कारण असेल तर आपल्याच पॅरिशचे (धर्मग्रामाचे) फादर अशा खासगी नवसातून मोकळे करू शकतात (कलम ११९६). आपला खासगी नवस तेवढ्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत माणूस स्वतःही बदलू शकतो (कलम ११९७). हे माहीत नसल्याने आजारी माणसे ओढत नेली जातात. निघण्याआधी फादरांना भेटा, दहा मिनिटांत प्रश्न सुटतो.

पापनिवेदनाचे दोन मार्ग आहेत. मराठीतच मन मोकळे करायचे असेल तर नागपुरात, निघण्याच्या आठवड्यात करा. पूर्ण दंडमुक्तीसाठी (क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षाही माफ होण्यासाठी) पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची आसक्ती सोडणे या अटी आहेत. त्यातले पापनिवेदन सुमारे २० दिवस आधी किंवा नंतर झाले तरी चालते. वेलंकणीतच करायचे तर पहिल्याच दिवशी दुपारी करा. संध्याकाळी रांगा लांबतात आणि हिंदी किंवा इंग्रजी समजणारे फादर शोधावे लागतात. उत्सवात मराठी मिस्साही असते, तिची वेळ त्या दिवशीच्या फलकावर बघा. ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खाऊ नये. पाणी आणि औषध चालते. मिस्सेचा हेतू (ती कोणासाठी किंवा कशासाठी अर्पण करायची ते) आणि देणगी फक्त कार्यालयाच्या खिडकीवर, पावती घेऊन. मेणबत्ती नेमलेल्या जागीच ठेवा. गर्दीत पेटती मेणबत्ती हातात धरून चालल्याने साड्या जळतात.

समुद्र जवळच आहे, मोहही होतो. नवख्या माणसाने त्यात पोहायला उतरू नये, पाय भिजवणे पुरे. २६ डिसेंबर २००४ ला, नाताळच्या दुसऱ्या सकाळी, त्सुनामीने इथे कितीतरी यात्रेकरू नेले. किनाऱ्यावर उभे असताना त्यांच्यासाठी एक जपमाळ म्हणावी.

सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट असे प्रॉटेस्टंट शेजारी सोबत येत असतील तर आधीच बोलून घ्या. ते मरियेकडे मध्यस्थी मागत नाहीत, त्यांना रांगेत ओढू नये. गाडीत वाचायची ती पंधरा आरोहणस्तोत्रे आणि सांतोमे मात्र दोघांचीही आहेत, आणि प्रवासातली एकत्र प्रार्थना तिथे सहज जमते.

परतताना चौथ्या रात्री नागपट्टिणम, पाचव्या दिवशी चेन्नई, आणि संध्याकाळी-रात्री नागपूरची गाडी. मधे रविवार येत असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते, ती वेलंकणीतच घ्या. सोबत आणलेल्या पवित्र तेलाच्या आणि तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत, उभ्या ठेवा. आडव्या ठेवलेल्या बाटल्या विजयवाड्यापर्यंत गळतात आणि खालच्या बर्थवरच्या माणसाच्या सामानात तेल उतरते. ज्यांना जाता आले नाही त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा: ३० ऑगस्ट ते ७ सप्टेंबर नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) घरी म्हणा आणि आपले हेतू कागदावर लिहून गटाकडे द्या. ते कागद पहिल्या मिस्सेआधी वाचून झालेले असावेत, शेवटच्या दिवसावर ठेवू नयेत.