काट्यावरचा आकडा कोणाचा?

सकाळी वजनकाट्यावर उभा राहताना मी श्वास रोखून धरतो. त्याने आकड्यात काडीचाही फरक पडत नाही हे ठाऊक असूनही धरतो. आज काट्याने 72 किलो दाखवले आणि नेहमीप्रमाणे त्या आकड्याचा सगळा दोष मी स्वतःकडे घेतला. वास्तविक त्यात माझ्याइतकाच वाटा पायाखालच्या पृथ्वीचा आहे. आपण किती जोराने दाबले जात आहोत, एवढेच त्या काट्याला कळते; हा जोर पृथ्वीच्या ओढीचा आहे असे गृहीत धरून तो किलोमधले उत्तर सांगतो. वस्तुमान म्हणजे अंगातला ऐवज आणि वजन म्हणजे त्याला खाली खेचणारा जोर, जो न्यूटनमध्ये मोजतात, हा फरक शाळेत मी गुणांपुरता पाठ केला होता. त्या हिशेबाने माझे वजन सुमारे 706 न्यूटन आहे, पण असे कोणाला सांगितले तर समोरचा माणूस माझ्या वजनापेक्षा प्रकृतीची अधिक चौकशी करील.

हाच काटा चंद्रावर नेला तर तो 12 किलो दाखवील. मात्र त्याऐवजी दोन पारड्यांचा जुना तराजू नेला, तर तिथेही माझ्यासमोर 72 किलोचीच वजने टाकावी लागतील, कारण माझ्याबरोबर तीही तितकीच हलकी झालेली असतील. चंद्रावर वजन घटते, अंगातला ऐवज घटत नाही, आणि धावताना हे चांगलेच जाणवते. 80 किलोहून अधिक भरणारा पोशाख घालूनही अपोलो 16 च्या जॉन यंग यांनी 1972 साली तिथे सलाम करता करता उडी मारली खरी, पण धावणाऱ्याला थांबायचे किंवा वळायचे असेल, तेव्हा वस्तुमान पूर्वीइतकेच हटवादी असते आणि जमिनीवरची पकड तेवढी कमी झालेली असते.

ग्रह जितका मोठा तितके वजन जास्त, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती पहिल्यांदा मोडली मंगळ आणि बुध यांनी. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट आहे, तरीही दोन्हीकडे माझा काटा 27 किलोच्या आसपासच थांबेल. पृष्ठभागावरची ओढ ग्रहाच्या वस्तुमानाबरोबर वाढते, पण केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते; बुध लहान पण घट्ट विणीचा असल्यामुळे त्याच्यावर उभा राहणारा माणूस केंद्राच्या बराच जवळ असतो. शनीची गोष्ट याहून मजेची आहे. पृथ्वीच्या 95 पट वस्तुमानाचा हा ग्रह इतका विरळ पसरलेला आहे, की त्याची सरासरी घनता पाण्यापेक्षाही कमी भरते आणि तिथे माझे वजन जेमतेम 77 किलो होते. साडेसातीच्या नावाने ज्याची एवढी धास्ती घेतली जाते, त्याने प्रत्यक्षात पाचच किलो वाढवावेत! शुक्र आणि युरेनस दोघेही मला 65 किलोचा ठरवतात, नेपच्यून 82 चा. गुरू मात्र कोणतीही सवलत न देता थेट 182 वर नेऊन ठेवतो.

अर्थात गुरूवर काटा ठेवायला फरशीच नाही. या वायूच्या ग्रहांना ठाम पृष्ठभाग नसल्यामुळे, जिथे वातावरणाचा दाब आपल्या समुद्रसपाटीच्या दाबाएवढा असतो ती पातळी पृष्ठभाग मानून हे आकडे काढलेले असतात. मी तिथे उभा राहू गेलो तर आकडा वाचण्याआधीच खाली निघून जाईन.

इतक्या दूर जायचीही खरे तर गरज नाही. 1672 साली झाँ रिशे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेले, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळात बिघाड नव्हता. विषुववृत्ताकडे पृथ्वीची ओढच थोडी ढिली होती. पृथ्वी तिथे फुगलेली आहे आणि तिच्या फिरण्याचा वेगही तिथेच सर्वाधिक आहे. त्यामुळे ध्रुवावरून विषुववृत्तावर गेल्यास, एक घासही न सोडता, माझे सुमारे पावणेचारशे ग्रॅम कमी होतील.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात तर काटा शून्यच दाखवतो. तिथे पृथ्वीची ओढ जवळजवळ नऊ दशांश शिल्लक असते, पण माणूस, काटा आणि स्थानक सगळेच एकत्र पडत असल्यामुळे कोणी कोणावर दाब देत नाही. अंतराळवीरांची प्रकृती तपासायला वजनाचा आकडा तर हवाच असतो. म्हणून 1973 साली स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर स्प्रिंगवर झुलणारी एक खुर्ची नेण्यात आली. अंतराळवीर तिच्यात बसला की ती मागेपुढे हेलकावे घेते, आणि माणूस जितका भरीव तितका एकेक हेलकावा सावकाश होत असल्यामुळे, त्या वेळेवरून त्याचे वस्तुमान काढता येते. त्या खुर्चीत मीही 72 चाच ठरलो असतो. फक्त मोजणी बिघडू नये म्हणून तिथे अंग आक्रसून, अजिबात न हलता बसावे लागते. म्हणजे माझी श्वास रोखून धरण्याची सवय तिथे तरी उपयोगी पडली असती.