एका रात्रीत १३७ तिकिटं

आमचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागला. हळद आणि बेदाण्याच्या अडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली-तोलाईचा दहा पैशांचा फरक पडला तरी मार्केट यार्डातून फोन येतो. म्हणून रोज रात्री जेन्किन्सवर (ठरलेली कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) पायटेस्टच्या, म्हणजे पायथॉनचा कोड तपासणाऱ्या साधनाच्या, चारेकशे टेस्ट चालतात. सकाळी फेल झालेल्या शोधून त्यांची जिरात, म्हणजे चुकांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हाताने तिकिटं (एकेका चुकीची एकेक नोंद) टाकायची, हे माझं काम. त्याला कंटाळूनच मी स्क्रिप्ट लिहायला घेतली.

पायटेस्टकडून निकाल जेयुनिट नावाच्या ठरावीक साच्यातल्या एक्सएमएल फाइलीत मिळतो: टेस्टचं नाव, लागलेला वेळ, फेल असेल तर कारण. ती फाइल वाचायची आणि जिराच्या एपीआयला (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला काम सांगायची सोय) तिकीट काढायला सांगायचं, एवढंच. क्लाउडच्या जिराला पासवर्ड चालत नाही, ईमेलसोबत एपीआय टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त किल्ली) लागतं, हे कळेपर्यंत एक दुपार गेली. दुसरी दुपार तिकिटातल्या वर्णनाने खाल्ली. एपीआयच्या तिसऱ्या आवृत्तीला वर्णन साध्या मजकुरात चालत नाही, जेसॉनची (डेटा मांडायची एक पद्धत) वेगळी रचना करून द्यावी लागते. मी गुपचूप दुसऱ्या आवृत्तीवर आले.

पहिल्याच रात्री टेस्टचा डेटाबेस सुरू झाला नाही. सकाळी सरांच्या मोबाईलवर ईमेलची रांग.

"अगं, एका रात्रीत १३७ तिकिटं? एसटी डेपो काढलायस काय?"

चूक माझीच होती. त्या फाइलीत 'फेल्युअर' आणि 'एरर' वेगळे असतात. पायटेस्टमध्ये टेस्टच्या आधीची तयारीच कोसळली तर तो एरर. म्हणजे पट्टीचा हिशेब चुकलेला नाही, हिशेबाला सुरुवातच झालेली नाही. आता कितीही एरर आले तरी सगळ्यांचं मिळून एकच तिकीट निघतं.

खरा घाम पुढे फुटला. तोच बग रोज फेल होणार, मग रोज नवं तिकीट? आधी जुनं शोधायला हवं. मी शीर्षकावरून शोधायला गेले, पण तिथे तंतोतंत जुळणीची सोय नाही, शब्द साधारण जुळले तरी जिरा समोर आणून ठेवतो. हळदीच्या टेस्टचा निकाल बेदाण्याच्या तिकिटाखाली जाऊन बसला. मग टेस्टचं नाव आणि एररचा मजकूर मिळून एक हॅश (मजकुरावरून निघणारी छोटी खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) काढला आणि तो तिकिटाला लेबल म्हणून चिकटवला. लेबल मात्र तंतोतंत जुळतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा डबल तिकिटं! दोन तास डोकं खाजवल्यावर दिसलं, की एररच्या मजकुरात बिल नंबर येतो आणि तो दर रात्री बदलतो. हॅश काढण्याआधी मजकुरातले सगळे आकडे पुसून टाकले, तेव्हा कुठे हे थांबलं.

टेस्ट पास झाली की तिकीट आपोआप बंद करावं, असा सरांचा आग्रह होता. मी ऐकलं नाही. आमच्या काही टेस्ट लहरी आहेत, आज पास तर उद्या फेल. स्क्रिप्ट फक्त 'आज पास' अशी कॉमेंट टाकते, बंद माणसाने करायचं.

सकाळी आता जिरा उघडलं की चहा गरम असतानाच काम आटोपतं. बेदाण्याच्या तोलाईचं एक तिकीट तेवढं आहे. त्याखाली स्क्रिप्टच्या 'आज पुन्हा फेल' अशा अकरा कॉमेंट साठल्यात आणि सरांनी ते अजून कोणाच्या नावावर टाकलेलं नाही.