अंगरख्याची नोंद : बगलेपर्यंतचे काम

उत्तर पेशवाईच्या धर्तीवर शिवायला घेतलेल्या अंगरख्याची मांजरपाटातील कच्ची प्रत आता बगलेपर्यंत आली आहे. साताऱ्यात आणि आसपास हा छंद नव्याने लागलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून आतापर्यंतचे काम येथे नोंदवीत आहे. जुना पोशाख जुना दिसतो तो त्याच्या बेतण्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. जरीकाठ, गोंडे आणि रंग यांचा विचार पुष्कळ नंतरचा.

शिवकाळातील प्रसंगांची जी तैलचित्रे आपल्या परिचयाची आहेत, ती बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर रंगवलेली असून त्यांतील पोशाखात चित्रकाराच्या कल्पनेचा भाग मोठा आहे. त्यापेक्षा जेम्स वेल्सने १७९० च्या दशकात पुण्यात रंगवलेले सवाई माधवराव आणि आपल्या मेणवलीच्या वाड्याचे धनी नाना फडणवीस यांचे चित्र पाहावे. बंद, म्हणजे अंगरखा बांधायच्या कापडी नाड्या, कोणत्या बाजूला बांधले आहेत, बाही मनगटाशी चुणलेली आहे की सरळ आहे आणि घेर कोठून सुटतो, एवढे तीन प्रश्न मनाशी धरून समकालीन चित्र पाहिले, तरी कामापुरती माहिती हाती लागते.

कोरे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच कापावे, म्हणजे खळ निघून जाते आणि आटायचे तेवढे ते आधीच आटते. दुकानातून आलेली कड सरळ असतेच असे नाही; म्हणून एक आडवा धागा ओढून काढावा आणि उमटलेल्या रेषेवर कात्री चालवावी. हातमागाचा पन्हा अरुंद असल्याने हे कपडे सरळ पट्ट्या आणि तिरप्या कळ्या, म्हणजे एका टोकाला निमुळते होत जाणारे तुकडे, जोडून बेतले जात. लांब आयताला एक तिरका छेद दिला की दोन कळ्या निघतात आणि चिंधी जवळजवळ उरत नाही. ही काटकसर मला या बेतण्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

खरी परीक्षा बगलेतल्या चौकोनी तुकड्याची. पाच इंची चौकोन घेतला, तर चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीत जाऊन चार इंच उरतो. आधी बाही अंगाला सपाट जोडावी, पण खालच्या टोकाला अर्धा इंच शिल्लक ठेवून दोरा पक्का करावा. मग चौकोनाची एक बाजू बाहीच्या कडेला त्याच बिंदूपर्यंत शिवावी आणि तुकडा वळवून लगतची बाजू अंगाच्या कडेला जोडावी. तिन्ही शिवणी एकाच बिंदूत भेटल्या पाहिजेत. त्यांपैकी एक जरी टाकाभर पुढे गेली, तरी कोपऱ्यात चुणी पडते आणि ती इस्त्रीने जात नाही. उरलेल्या दोन बाजू मागच्या भागाला अशाच जोडाव्यात. हात वर केल्यावर कमरेपाशी कापड ओढले गेले नाही, तर चौकोन नीट बसला असे समजावे.

यंत्राविषयी नेहमी विचारणा होते. एलायस हाऊला अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट मिळाले १८४६ मध्ये आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले १८४८ मध्ये. तेव्हा आपल्या छत्रपतींच्या दरबारातील कपडे हातशिलाईचेच होते. नवख्याने आतल्या लांब शिवणी यंत्रावर घालायला माझी हरकत नाही, मात्र दिसणारी तुरपाई हातानेच करावी. सुती दोरा मेणावरून ओढून घ्यावा आणि हातभरापेक्षा लांब घेऊ नये, कारण लांब दोरा गुंततो आणि झिजतोही. धावदोऱ्यात दर तीन-चार टाक्यांनंतर एक उलटा टाका घातला की शिवण बळकट होते. ताण येणाऱ्या बगलेत मात्र पूर्ण बखियाच, म्हणजे प्रत्येक टाका उलटा, घालावा.

पुढच्या टप्प्यात ही प्रत अंगावर बसवून, उसवून, तिच्याच तुकड्यांवरून खादी कापायची आहे. बंदांच्या जागा मी तूर्त टाचणीनेच धरल्या आहेत. घेर लागून त्याचे वजन खाली आले की छातीवरचा पल्ला थोडा सरकतो, म्हणून बंद त्यानंतरच शिवीन.