‘पाठलाग’ कधीतरी लागेल म्हणून

“मोबाइलवर सगळं मिळतं की. तू अजून टीव्हीवर जुना सिनेमा लागायची वाट काय बघत बसतेस?” हे मला भाच्याने विचारलंय, शेजारच्या सुनेने विचारलंय आणि गेल्या महिन्यात डबा बदलायला आलेल्या केबलवाल्या मुलाने तर वायर तोंडात धरून विचारलं. दर वेळी मी चहाचं विचारून विषय बदलते. तुम्हीही विचारलंत म्हणून आता एकदा नीट सांगते.

सगळं मिळतं हे आधी खरं नाही. आणि मिळतं ते कसं, तेही बघा. भाच्याने पाठवलेली एक लिंक मी वीस मिनिटं बघितली. चेहरे ताकात बुडवून काढल्यासारखे, आणि गाणीच उडवलेली. गाणी म्हणे वेगळी टाकलेली असतात. म्हणजे पुरणपोळी इथे खा आणि पुरण पलीकडच्या दुकानात.

माझं घोडं अडलंय ते ‘पाठलाग’पाशी. राजा परांजप्यांचा, 1964चा. काशिनाथ घाणेकर, नायिका भावना, आणि आशाबाईंचं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’. मुंबई दूरदर्शन 1972च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं, आणि आमच्या गिरगावातल्या चाळीत पहिला टीव्ही आला त्यानंतर काही वर्षांनी. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. एका खोलीत वीसजण, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. मधे बातम्या लागल्या की बायका घरी जाऊन आमटीला फोडणी देऊन यायच्या. त्या शनिवारी ‘पाठलाग’ ऐन रंगात आला आणि चित्र वरून खाली पळायला लागलं. टीव्हीवाले काका गच्चीत गेले. “आलं का?” “नाही!” “आता?” “गेलं, गेलं, होतं तेही गेलं!” चित्र थांबलं तेव्हा पडद्यावर निवेदिका होती.

शेवट मला पुढे ‘मेरा साया’मुळे कळला. राज खोसलांनी ‘पाठलाग’वरूनच केला तो 1966 साली, रंगीत. तो हिंदी वाहिन्यांवर इतक्यांदा लागतो की झुमका गिरायच्या आधी मला चाहूल लागते. मूळ मराठी मात्र त्यानंतर मला एकदाही सापडलेला नाही. एका वाहिनीच्या कार्यालयात मी फोनसुद्धा केला होता. पलीकडच्या मुलीने फार अदबीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, कलर आहे का?”

पण नुसतं हौसेपोटी बसते असं नाही. जुना सिनेमा टीव्हीवर लागला की मला पहिल्यांदा वाटतं, चला, आहे अजून. कुठल्यातरी कपाटात त्याची चालण्याजोगी प्रत आहे, कुणीतरी डबा उघडलाय, काढून लावलाय. हे गृहीत धरण्यासारखं नाही हो. ‘आलम आरा’ आपला पहिला बोलपट, 1931चा. त्याची एकही प्रत हाती नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण व्ही. शांताराम होते, तोही गेला. मूकपटांचं तर विचारूच नका. 1950च्या आसपासपर्यंत फिल्म असायची नायट्रेटची. ठिणगी पडायचा अवकाश, पाण्यानेही विझत नाही, आणि ठिणगी नाहीच पडली तरी डब्यात पडल्यापडल्या तिची चिकट माती होते. 8 जानेवारी 2003ला पुण्यात, जिथे प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता त्याच आवारात, फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. प्रभातचे मूळ डबे त्यात होते. काहींच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहजी पेट न घेणाऱ्या फिल्मवर, उतरवून घेतल्या होत्या म्हणून सिनेमे उरले. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. नवरा म्हणाला, “तुझ्या माहेरचं कुणी होतं का तिथे?”

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे चित्रपटाचा हक्क साठ वर्षं. प्रभातचे सिनेमे केव्हाच सगळ्यांचे झालेत, 2024 संपलं तसा ‘पाठलाग’ही झाला. पण हक्क सुटला म्हणून प्रत हाती येत नाही. सातबारा नावावर आणि विहीर दुसऱ्याच्या कुंपणात, अशातली गत. चांगली प्रत ज्याच्याकडे, सिनेमा त्याचा.

मग कधीतरी लॉटरी लागते. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी भाजी निवडत होते आणि ध्यानीमनी नसताना ‘कुंकू’ सुरू झाला. 1937चा. याचंही तेच, हिंदीतला ‘दुनिया न माने’ जास्त भेटतो. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही. शांतारामबापूंनी सगळा सिनेमा घरातल्या, रस्त्यावरच्या आवाजांवर पेललाय. गाण्यांनासुद्धा वाद्यमेळ नाही. केशवराव दाते म्हातारे काकासाहेब, शांता आपटे नीरा, आणि भिंतीवरचं ते घड्याळ. त्याची टिकटिक ऐकू येत होती आणि मला कळेना, ही तिकडची की आमच्या हॉलमधली. उठून आमच्या घड्याळातला सेल काढला. मेथीची जुडी मांडीवर तशीच. रीळ संपत आलं की वर उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, फिल्मवरच्या ओरखड्यांचा पाऊस पडायचा, मग पुढचं रीळ स्वच्छ. मधेच डिटर्जंटची जाहिरात आली, अशा आवाजात की मेथी सांडली. तरी बघितला. अर्ध्यावर शेजारची सून काहीतरी मागायला आली, उभी राहिली, मग सोफ्याच्या हातावर टेकली. इंग्रजी कविता म्हणणारी शांता आपटे बघून म्हणाली, “काकू, हे एवढं जुनं आहे?” तिने स्वतःहून हे कधी शोधलं असतं? मीही त्या दिवशी शोधलं नव्हतंच.

आमच्या डब्यावरचं वेळापत्रक मी रोज सकाळी चाळते. बहुतेक वेळा तेच ते, ऐंशीच्या दशकातले विनोदी, ज्यांचे संवाद आता आमच्या पोपटालाही येतील (पोपट नाही आमच्याकडे, पण असता तर). नाव न घालता नुसतं ‘मराठी चित्रपट’ लिहिलेलं असतं तेव्हा मात्र छाती धडधडते. येत्या रविवारी दुपारी बाराला तसं लिहिलंय. कुकर अकरालाच लावणार आहे.