नॉर्वेतला घरजावई

मी मिनेसोटातल्या एका पब्लिक लायब्ररीत वंशावळीच्या डेस्कवर बसते. इथे दर तिसरा माणूस आपलं मूळ नॉर्वेत शोधत येतो. पहिलं जहाज, रेस्टोरेशन, 1825 साली स्टाव्हांगरहून निघालं आणि पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर लोक आले, म्हणजे गिऱ्हाईक कमी पडायचा प्रश्नच नाही.

त्या दिवशी एक आजी आल्या, ऐंशीच्या आसपासच्या, सोबत नातू आणि जुनं बायबल. बायबलच्या पहिल्या पानावर पणजोबांचं नाव, ओले लार्सन बाक्कन, जन्मतारीख मार्च 1852 मधली, आणि गावाच्या जागी नुसतं बर्गेन. (नावं बदललीयेत.) नातवाने बर्गेन शहराची सगळी चर्च रजिस्टरं आधीच चाळून काढली होती, कुठेच काही नाही, त्यामुळे बिचारा वैतागलेला.

बर्गेन म्हटलं की मला आधीच शंका येते. बर्गेनच्या उत्तरेला असलेला सोग्नचा सगळा मुलूख त्या काळी नॉर्द्रे बर्गेनहूस नावाच्या जिल्ह्यात होता, त्यामुळे फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीच्या, पार आतल्या टोकाचा माणूससुद्धा इकडे येऊन बर्गेन सांगायचा, जसा आपला कुठल्यातरी वाडीतला माणूस परदेशात सरळ मुंबई सांगून मोकळा होतो. मग इथल्या लुथरन चर्चचं जुनं रजिस्टर काढलं, त्यात पाद्रीबाबांनी ओलेच्या नावापुढे सोग्नमधल्या पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं, नाव लिहून ठेवलेलं. अर्ध्या तासात काम! मी खूश.

नॉर्वेचं डिजिटालआर्किवे फुकट आहे, घरबसल्या स्कॅन केलेली चर्चची पुस्तकं बघता येतात. 1865 ची जनगणना उघडली, बाक्कन नावाच्या जागी लार्स ओल्सन, बायको गुरी निल्सदात्तर, पोरगा ओले. वय जुळतंय. आता फक्त बाप्तिस्म्याची नोंद काढायची, की झालं.

इथेच माझी गाडी अडकली. त्या पॅरिशच्या 1852 च्या पुस्तकात बाक्कनचा एकही ओले नाही. मागचं वर्ष पाहिलं, पुढचं पाहिलं. ते गॉथिक अक्षर म्हणजे आपल्या मोडीचाच भाऊबंद, तासाभरात डोळ्यांपुढे नुसत्या रेघोट्या नाचायला लागतात. लंच गेला, नातू मोबाईलमध्ये गेला, आजी मात्र खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसलेल्या.

चूक माझीच होती आणि ती अगदी मराठी चूक होती. ओले लार्सन बाक्कन हे मी पहिल्यापासून आपल्यासारखं वाचत होते, स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि मग गावावरून आलेलं -कर. ते बरोबरच आहे म्हणा, पण आपला -कर माणूस गाव सोडून दोनशे वर्षं पुण्यात राहिला तरी -करच राहतो, आणि तिकडे शेत बदललं की नावाची शेपटीपण बदलायची! ते आडनाव नव्हतंच, पत्ता होता. कायम आडनाव लावायची सक्ती तिकडे 1923 च्या कायद्याने आली. हे सगळं मला माहीत होतं, दुसऱ्यांना दहा वेळा समजावलंय, पण हात आपोआप बाक्कनच शोधत होता.

मग बाक्कन सोडलं आणि नुसती जन्मतारीख धरून रकाना वरून खाली वाचत गेले. सापडला. ओले, बाप लार्स ओल्सन हाउगेन, आई गुरी निल्सदात्तर, आणि साक्षीदारांमध्ये एक निल्स बाक्कन! लगेच लग्नाची नोंद काढली, 1850, नवरा हाउगेनचा, नवरी बाक्कनची, नवरीचा बाप निल्स. म्हणजे लार्स हा नंतर सासऱ्याच्या जागेवर राहायला गेला आणि बाक्कन झाला.

मी एकटीच हसायला लागले. घरजावई! आजींनी विचारलं काय झालं, आता ह्या शब्दाला इंग्लिशमध्ये काय सांगणार, मी म्हटलं आमच्याकडे अशा जावयाला खास शब्द आहे आणि लोक तो जरा चिडवायलाच वापरतात. मग त्यांच्या लक्षात आलं की जे आडनाव सगळं खानदान मिरवतंय, शेताच्या फाटकावर लोखंडी अक्षरांत लावलंय, ते लार्सचं नाहीच, गुरीच्या माहेरचं आहे. नातू म्हणाला, मग आपण खरे हाउगेन? मी म्हटलं, तसंही नाही रे बाबा, हाउगेनपण पत्ताच.

जाता जाता 1865 च्या जनगणनेचं मूळ पान मोठं करून दाखवलं, कारण त्यात माणसांसोबत गुरंढोरं आणि पेरणीपण लिहिलेली असते. लार्सच्या धंद्यापुढे लिहिलं होतं हुस्मान, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट आणि तुकडाभर शेत, आणि त्या बदल्यात मालकाकडे राबायचं, साधारण आपल्या कुळासारखं. पुढच्या रकान्यांत एक गाय, पाच मेंढ्या, थोडं बियाण्याचं बार्ली आणि बटाटे. घरात माणसं सात.

आजींचा जन्म डेअरीवरचा, लहानपणी पहाटे उठून धारा काढलेल्या. त्यांनी गायीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"एक," त्या म्हणाल्या. "आणि ती भाकड गेली की?"

मी काहीच बोलले नाही. नातवाने मोबाईल खिशात घातला आणि त्या पानाची प्रिंट मागितली, बाप्तिस्म्याच्या नाही, ह्याच पानाची.